विक्रोळीतल्या आमच्या लोकल ब्रॉडबँडचा रिव्ह्यू: स्पीड मस्त, पण पासवर्ड तारेवरून उघडा जात होता

कन्नमवार नगरला राहते. आमच्याकडे ज्या दादांची केबल होती त्यांनीच पुढे नेट सुरू केलं, तेच कनेक्शन चार वर्षं वापरतेय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण जे चुकलं होतं ते त्यांनी नंतर मनापासून सुधारलं आणि त्यांना त्रास व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. पण जे घडलं ते लिहायलाच हवं, कारण असंच सेटअप असलेल्या कितीतरी बिल्डिंग असतील आणि तिथे कुणी बघितलंही नसेल.

आधी साधं साधं उरकते. १०० एमबीपीएसचा प्लॅन, दिवसा ९० च्या वर मिळतो, रात्री मॅच असेल तेव्हा ७० पर्यंत येतो. पावसात दरवर्षी एक-दोनदा लाइन जाते, बहुतेक वेळा गच्चीवरच्या स्विचचा, म्हणजे घराघरांत नेटच्या वायरी वाटणाऱ्या डब्याचा, अ‍ॅडॉप्टर उडालेला असतो, मुलगा येऊन तासाभरात बदलून जातो. फोन उचलतात, आणि मराठीत बोलतात, सासऱ्यांना हे फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यांना मशीनमधली बाई एक दाबा दोन दाबा सांगायला लागली की ते फोनच ठेवून देतात. बिलाची पावती मिळते. इथपर्यंत सगळं पाचपैकी चार.

आता मुद्द्याचं.

मी ऐरोलीला एका कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. जूनमधल्या एका सोमवारी सकाळी नेट नाही. राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला, नाही. सपोर्टला फोन केला तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचा आयडी ऑलरेडी लॉगिन दाखवतोय." म्हटलं, मी घरी आहे, राउटर माझ्यासमोर बंद पडलाय, तर लॉगिन कोण आहे? तो म्हणाला सेशन किल करतो. त्याने किल केलं, माझं जोडलं गेलं, दुपारी परत तेच. दोन दिवस हा खेळ चालला, माझ्या दोन मीटिंगा मोबाइलच्या डेटावर झाल्या आणि पोराचं दहावीचं ऑनलाइन लेक्चर बुडालं ते वेगळंच.

मला नेट बंद असण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटली. कुणीतरी माझ्या नावाने नेट वापरतंय. उद्या त्या माणसाने काही भलतंसलतं केलं तर ऑपरेटरच्या रेकॉर्डमध्ये माझा आयडी, माझं नाव, माझा पत्ता. विचारायला लोक माझ्या दारात येणार, सासरे दार उघडणार. हे डोक्यात आल्यावर मी सपोर्टवर थांबले नाही, थेट दादांना फोन लावला आणि म्हटलं लॉगमध्ये कुठला मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रत्येक डब्याचा स्वतःचा ओळख-नंबर, आहे ते बघून सांगा. त्यांनी बघितला, माझ्या राउटरचा नव्हता. शेजारच्या बिल्डिंगमधलं नवीन कनेक्शन निघालं. त्या घराचा आयडी अ‍ॅक्टिव्हेट व्हायचा होता, कस्टमर घाई करत होता, म्हणून बसवायला आलेल्या मुलाने तात्पुरता माझा आयडी टाकून दिला आणि विसरला. त्याला माझा पासवर्ड कसा माहीत? कारण सगळ्यांचे पासवर्ड एकाच साच्यातले होते, फ्लॅट नंबर आणि पुढे १२३. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला पटलं, त्याने येऊन माफीही मागितली.

इथे प्रकरण संपलं असतं. पण माझा धंदाच हा आहे, त्यामुळे मनात आलं की माणसाला पासवर्ड माहीत होता ते एक झालं, तो पासवर्ड तारेवरून जातो कसा ते तरी बघू.

घरी माझा मायक्रोटिकचा हेक्स राउटर आहे, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, पाच पोर्टचा छोटा डबा. त्यात पॅकेट स्निफर आहे, स्वतःच्याच राउटरमधून काय बाहेर जातं ते फाइलमध्ये पकडता येतं. मी पीपीपीओई, म्हणजे आयडी-पासवर्ड देऊन नेटला जोडणारं लॉगिन, तोडलं, स्निफर चालू केला, परत जोडलं, फाइल लॅपटॉपवर वायरशार्क नावाच्या, पकडलेली पॅकेट्स वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आणि त्यात एका ओळीत माझं युजरनेम आणि शेजारी माझा पासवर्ड, जसाच्या तसा, मी कागदावर लिहिला असता तसा. कॉलेजात हे शिकलेलं असतं, पुस्तकात वाचलेलं असतं, पण आपला पासवर्ड असा स्क्रीनवर दिसला ना की पोटात गोळा येतो.

याला पॅप म्हणतात, पासवर्ड ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल. १९९२ च्या आरएफसी १३३४ मध्ये लिहिलेला, आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल जिथे लिहून ठेवतात ते नंबर दिलेले कागद. काम साधं आहे, तुमचा राउटर सर्व्हरला म्हणतो हे माझं नाव, हा माझा पासवर्ड, सर्व्हर म्हणतो ठीक किंवा नाही. बस. मध्ये काही झाकाझाकी नाही. आणि विचारणा एकदाच, सुरुवातीला. एकदा आत गेलात की पुढे कुणी विचारत नाही की आतमध्ये अजून तुम्हीच आहात का.

लोक म्हणतात मग असला प्रोटोकॉल बनवलाच कशाला, तर त्याला त्या काळाचा संदर्भ आहे. सासऱ्यांना अजून आठवतं, १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मग कुणाकुणाकडे ते फोनच्या लाइनवरून लावायचं, मॉडेम किंचाळायचा, त्यांच्या साहेबांच्या घरी त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. पीपीपी म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल त्याच डायल-अपच्या दिवसांतला, त्याचा मुख्य आरएफसी १६६१ जुलै १९९४ चा. तेव्हा फोन लावला की तुम्ही आणि पलीकडचा सर्व्हर, दोनच टोकं. मध्ये कान लावायचा तर कुणालातरी खांबावर चढून वायर कापावी लागणार. अशा तारेवर उघडा पासवर्डही बऱ्यापैकी खपून जायचा.

मग १९९९ मध्ये आरएफसी २५१६ आला, पीपीपीओई, म्हणजे तेच पीपीपी पण इथरनेटवरून. आणि इथेच सगळं बदलतं. इथरनेट दोन टोकांची तार नाहीये. आमच्या जिन्यातल्या पेटीत एक स्विच आहे, त्यातून चोवीस घरांत वायरी जातात. माझा राउटर चालू झाला की तो आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "पीपीपीओई सर्व्हर कोण आहे का?" या पॅकेटला पाडी म्हणतात. सर्व्हर उत्तर देतो, मी आहे, ते पाडो. आता यात गोम अशी की ती हाक जर सगळ्या घरांत पोहोचत असेल तर उत्तरही कुठल्याही घरातून येऊ शकतं. कुणी लॅपटॉपवर किंवा पाचशे रुपयांच्या जुन्या राउटरवर पीपीपीओई सर्व्हर चालू करून बसला आणि त्याचं उत्तर खऱ्या सर्व्हरच्या आधी आलं, तर बिचारा माझा राउटर त्यालाच सर्व्हर समजणार आणि पॅप असेल तर त्याला आपला पासवर्ड नेऊन देणार. नावात पॉइंट-टू-पॉइंट आहे पण पलीकडचा पॉइंट कोण आहे हे बघायची सोयच नाही.

हे मी लोकांच्या लाइनवर करून बघितलं नाही, कुणी करूही नका, तो गुन्हा आहे. घरात टेबलावर करून बघितलं, ऑपरेटरची वायर काढून ठेवली, मायक्रोटिकवर सर्व्हर चालू केला आणि आमचा जुना वायफाय राउटर एका वायरीने त्याला जोडला. जुन्या राउटरमध्ये ऑथेंटिकेशन टाइप ऑटो होता. सर्व्हरने पॅप मागितलं आणि त्याने काही न विचारता देऊन टाकलं. पोरगा बाजूला उभा होता, तो म्हणाला आई, याने तर अनोळखी माणसाला घराची चावी दिली.

आता चॅप. चॅलेंज हँडशेक ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल. गंमत म्हणजे याच्या आरएफसीचा नंबर १९९४ आहे आणि तो निघाला ऑगस्ट १९९६ मध्ये, इंटरव्ह्यूला मुलं इथे हमखास गोंधळतात. यात पासवर्ड तारेवर येतच नाही. सर्व्हर एक आकडा पाठवतो, दरवेळी नवा, अंदाज लावता येणार नाही असा, तो चॅलेंज. तुमचा राउटर तो आकडा, आपला पासवर्ड आणि त्या फेरीचा एक छोटा नंबर एकत्र करून एमडी५ नावाच्या, उलटं फिरवता न येणाऱ्या गणितातून काढतो, सोळा बाइटचं उत्तर येतं, तेवढंच परत जातं. सर्व्हरकडे तोच पासवर्ड आहे, तो स्वतः तेच गणित करतो, जुळलं की आत घेतो.

सासूबाईंना मी मिक्सरवरून सांगितलं. खोबरं आणि मिरची वाटून चटणी केली की चटणीतून खोबरं परत काढता येत नाही. पण दुसऱ्या घरात तेच खोबरं तीच मिरची तेवढीच असेल तर तशीच चटणी करून चव ताडून बघता येते. मिरची म्हणजे सर्व्हरने पाठवलेला आकडा, ती रोज वेगळी, म्हणून कालची चटणी चोरून आज नेऊन दिली तर चव जुळणार नाही. त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी असा प्रश्न विचारला की मी थांबलेच: "मग चोराकडे चटणी पण आहे आणि मिरची पण, तर तो दहा दुकानांतलं खोबरं आणून वाटून बघेल ना?" हो, अगदी हेच. चॅपमध्ये चॅलेंज उघडा जातो आणि उत्तरही उघडं जातं, पासवर्ड जर फ्लॅट नंबर आणि १२३ असेल तर घरी बसून अंदाज करणाऱ्याला काही सेकंद पुरतात. म्हणून चॅप असला तरी पासवर्ड लांब आणि वेडावाकडाच हवा.

चॅपचा अजून एक फायदा, सर्व्हर मधूनमधून परत चॅलेंज पाठवू शकतो, चालू सेशनमध्येच. कुणी मध्येच वायर काढून स्वतःचा डबा लावून बसला तर पुढच्या चॅलेंजला पकडला जाईल. पॅपमध्ये ही सोय नाही.

आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, सर्व्हरवर चॅप चालू करून भागत नाही. पीपीपीमध्ये लिंक उभी राहताना आधी एलसीपी नावाची बोलणी होतात, त्यात सर्व्हर म्हणतो पॅपने ओळख दे, किंवा चॅपने दे. तुमचा राउटर त्याला नाही म्हणू शकतो, चॅप चालेल म्हणू शकतो. पण राउटरमध्ये सगळं चालेल अशी टिक असेल तर खरा सर्व्हर चॅप मागत असला तरी खोटा सर्व्हर पॅप मागणार आणि राउटर हो म्हणणार. त्यामुळे टिक आपल्या बाजूने काढायची. मायक्रोटिकमध्ये पीपीपीओई क्लायंटच्या सेटिंगमध्ये अलाऊ लिहिलेलं असतं, तिथे पॅप, चॅप आणि चॅपचे मायक्रोसॉफ्टवाले दोन प्रकार एमएसचॅप१, एमएसचॅप२, अशा चारही टिक असतात. मी फक्त चॅप ठेवलं.

आणि लाइन जोडलीच गेली नाही. म्हणजे दादांचा सर्व्हर पॅपशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता.

संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं. चहा ठेवला, लॅपटॉप उघडून त्यांना तो स्क्रीन दाखवला. आधी त्यांना वाटलं मी काहीतरी हॅक केलंय. मग मी सांगितलं दादा, हे माझ्याच राउटरमधून निघालेलं आहे, आणि हे असंच तुमच्या प्रत्येक कस्टमरच्या घरातून निघतंय. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मला सॉफ्टवेअरवाल्याने जसं लावून दिलं तसं मी चालवतो. आजपर्यंत कुणी विचारलंच नाही." मला त्यांचा राग नाही आला. माणूस केबल ओढण्यापासून सुरुवात करून इथपर्यंत आलाय, रात्री दोनला गच्चीवर चढतो, त्याला कुणी हे समजावून सांगितलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याशी कॉलवर बोललो आणि खरी अडचण तिथे कळली, ती लिहिते कारण प्रामाणिकपणे ती दोन्ही बाजूंची आहे. त्यांच्या रेडियस सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे आयडी-पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरवर, पासवर्ड हॅश करून, चटणीसारखे वाटून, ठेवले होते, म्हणजे सर्व्हर चोरीला गेला तरी पासवर्ड सरळ वाचता येणार नाहीत, चांगली पद्धत आहे. पॅपमध्ये राउटरकडून मूळ पासवर्ड येतो, त्याचा हॅश करून ताडला की झालं. पण चॅपमध्ये सर्व्हरला चटणी स्वतः वाटायची असते, त्यासाठी त्याच्याकडे मूळ खोबरं लागतं, हॅश चालत नाही. म्हणजे चॅप घ्यायचा तर पासवर्ड सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. तारेवरचा धोका कमी केला की सर्व्हरवरचा वाढतो. माझं मत स्पष्ट आहे, सर्व्हर एका खोलीत कुलपात ठेवता येतो, चोवीस घरांच्या वायरी कुलपात ठेवता येत नाहीत, त्यामुळे या सेटअपला चॅपच बरा. फक्त नेटच्या आयडीचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, मेलला नाही, बँकेला तर नाहीच.

त्या सॉफ्टवेअरवाल्याने एमएसचॅप व्हर्जन दोन सुचवलं होतं, त्यात सर्व्हरलाही आपली ओळख पटवावी लागते हे खरं, आणि कागदावर ते चॅपच्या पुढचं वाटतं. पण आत डीईएस नावाची जुनी कुलूपबंदीची पद्धत आहे, २०१२ च्या डेफकॉन या हॅकर लोकांच्या परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की त्याची पकडलेली देवाणघेवाण एका छप्पन बिटच्या किल्लीइतक्या कष्टात फुटते, पासवर्ड कितीही लांब असो. लांब पासवर्डचा फायदाच जात असेल तर कशाला, म्हणून मी नको म्हटलं. ईएपी-टीएलएस, सर्टिफिकेटवालं, ते सगळ्यात भक्कम, आमच्या ऑफिसमध्ये तेच आहे, पण घराघरात सर्टिफिकेट टाकत फिरणं आणि साध्या वायफाय राउटरमध्ये ते चालणं, हे या धंद्यात होणार नाही हे मलाही कळतं.

दादांनी तीन रविवार लावले. आमची आणि शेजारच्या दोन अशा तीन बिल्डिंग. जुने पासवर्ड हॅशमधून परत काढता येत नाहीत म्हणून सगळ्यांना नवीन द्यावे लागले, सोळा अक्षरांचे, प्रत्येकाचा वेगळा, बिलाच्या पावतीमागे पेनने लिहून हातात दिले, व्हॉट्सअ‍ॅपवर नको हा माझा हट्ट होता आणि त्यांनी तो ऐकला. तळमजल्यावरच्या आजींचा राउटर इतका जुना की चॅपचा पर्यायच नीट चालेना, त्यांना दादांनी स्वतःकडचा वापरलेला राउटर फुकट दिला. शिवाय स्विचवर पोर्ट आयसोलेशन चालू केलं, म्हणजे एका घराची वायर दुसऱ्या घराच्या वायरीशी बोलू शकत नाही, फक्त वरच्या सर्व्हरशी. खोट्या सर्व्हरचा उपद्रव मुळात यानेच थांबतो, चॅपपेक्षाही आधी मी हेच करायला सांगेन. आणि बसवणाऱ्या मुलांना ताकीद, दुसऱ्याचा आयडी टेस्टिंगला वापरायचा नाही, त्यासाठी वेगळा टेस्ट आयडी काढून दिला.

मी परत स्निफर लावला. चॅलेंज आला, त्यात लांबलचक आकडा, माझ्या राउटरचं उत्तर गेलं, तेही तसंच, पुढे सक्सेस. युजरनेम दिसतं, ते दिसणारच. पासवर्ड कुठेही नाही. फाइलमध्ये सर्च मारून बघितला, नाही. दादांना स्क्रीनशॉट पाठवला तर त्यांनी हात जोडलेला इमोजी पाठवला आणि लगेच फोन करून विचारलं की आता लोकांचं सगळं नेट लॉक झालं ना. नाही झालं, ते मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगते. चॅप फक्त आत येताना ओळख तपासतो, पुढे जाणारा डेटा तो बंद करत नाही. डेटा कुलपात घालून पाठवायचं ते काम साइटच्या एचटीटीपीएसचं, ऑफिसच्या व्हीपीएनचं.

तुमच्याकडे असंच लोकल कनेक्शन असेल तर ऑपरेटरला सरळ विचारा, पॅप आहे का चॅप, आणि स्विचवर पोर्ट आयसोलेशन आहे का. भांडू नका, चहा पाजून विचारा. तुमच्या राउटरमध्ये ऑथेंटिकेशन ऑटोवर असेल आणि ऑपरेटर चॅप देत असेल तर ऑटो काढून चॅप करा, एक मिनिटाचं काम आहे. आणि बदलताना एमटीयूला, म्हणजे एका पॅकेटच्या जास्तीत जास्त आकाराला, हात लावू नका, तो सहसा १४९२ असतो, इथरनेटच्या १५०० मधून पीपीपीओईचे आठ बाइट वजा करून, आमच्या विंगमध्ये एकाने १५०० केला आणि मग बँकेची साइट अर्धवट उघडून अडकायला लागली, त्याला दोन दिवस कळेना.

स्पीड चार, सपोर्ट चार, सुरक्षा जूनमध्ये शून्य होती, आता साडेतीन. उरलेला दीड का कापला, तर पासवर्ड कस्टमरला स्वतः बदलायची सोय अजून नाही, दादांना फोन करावा लागतो. आणि जिन्यातली स्विचची पेटी अजून उघडी आहे, दुसऱ्या मजल्यावर मुलं क्रिकेट खेळताना तिच्यात बॉल जातो. गणपतीच्या आधी कुलूप लावतो म्हणालेत. लावलं की इथेच अर्धा मार्क वाढवेन.